कोपीवरच्या लेकरांचं लसीकरण : घटसर्प, डांग्या खोकला आणि न्यूमोनिया अडवायचे कसे

ऑगस्ट २०१७ च्या अखेरीस म्यानमारच्या राखाइन प्रांतातून रोहिंग्यांचे लोंढे निघाले आणि काही महिन्यांत सुमारे सात लाख माणसं बांगलादेशातल्या कॉक्स बझार जिल्ह्यात येऊन थांबली. तिथल्या उखिया भागातल्या टेकड्यांवर बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे घटसर्पाचे रुग्ण दिसू लागले. साथ चढत होती त्या काळात रुग्णांची संख्या दर ४.४ दिवसांनी दुप्पट होत होती. दोन वर्षांत ७,०६४ रुग्ण नोंदले गेले आणि ४५ जण दगावले. अनेक देशांतल्या तरुण डॉक्टरांनी हा आजार तोवर फक्त पुस्तकात पाहिला होता.

ही हकीकत मी इथे सांगतो आहे, कारण दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडेही लाखो माणसं घराला कुलूप लावून निघतात. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीची ऊसतोड कुटुंबं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांवर जातात आणि तिथे पाचटाच्या झोपड्यांत, म्हणजे कोप्यांत, राहतात. पालघर-ठाण्याचे आदिवासी वीटभट्ट्यांवर जातात, धनगरांचे वाडे रानोमाळ फिरतात, बांधकामावरचे मजूर एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर जातात. रोहिंग्यांवर जे ओढवलं त्याच्याशी याची बरोबरी होत नाही. पण लसीच्या नोंदवहीपुरतं पाहिलं तर दोन्हीकडे तेच घडतं. मूळ गावच्या यादीत नाव आहे पण मूल गावात नाही, आणि मूल जिथे आहे तिथल्या यादीत नाव नाही.

या सगळ्या लेखात एक नियम धरून चालायचं आहे. मूल आज रात्री जिथे झोपणार आहे, तिथल्या आरोग्य केंद्राचं ते मूल. ते कुठून आलं, कार्ड कुठे राहिलं, पुढच्या महिन्यात कुठे जाणार, हे विचारायचं. पण त्यापायी आजचा डोस अडवायचा नाही. एएनएम (लस टोचणाऱ्या परिचारिका), आशाताई, अंगणवाडी सेविका, साखरशाळेचे (ऊसतोड मुलांच्या हंगामी शाळेचे) शिक्षक, स्वयंसेवी कार्यकर्ते आणि कारखान्याच्या शेतकी विभागातली मंडळी यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणं ऊसतोडीची घेतली आहेत. वीटभट्टीवर काम करणाऱ्यांना त्यातले बदल आपसूक कळतील.

पायरी १ : शत्रू ओळखा

तिन्ही आजार जिवाणूंमुळे होतात (न्यूमोनियाला इतर कारणंही असतात), तिन्ही श्वासावाटे पसरतात आणि तिन्हींवर लस सरकारी केंद्रात मोफत मिळते.

घटसर्पात घसा दुखतो, ताप येतो, गिळताना त्रास होतो. टॉन्सिलवर आणि घशाच्या मागच्या भागावर राखाडी-पांढरट पडदा चढतो. तो खरवडायला गेलं तर रक्त येतं, म्हणून तो कधीही खरवडायचा नाही. काही मुलांची मान दोन्ही बाजूंनी इतकी सुजते की हनुवटी आणि छाती यांच्यामधली रेषाच दिसेनाशी होते. पडद्याने श्वास कोंडतो हा एक धोका. दुसरा धोका दिसत नाही : या जिवाणूचं विष रक्तात उतरतं आणि हृदयाला, नसांना इजा करतं. घसा बरा झालेलं मूल आठवड्या-दोन आठवड्यांनी हृदय बंद पडून जाऊ शकतं.

इथे कॉक्स बझारचा एक आकडा लक्षात ठेवा. तिथल्या रुग्णांपैकी ९३.५ टक्क्यांचा घसा दुखत होता, ८६ टक्क्यांना ताप होता, पण पडदा दिसला तो फक्त ३४.७ टक्क्यांत. पडदा नाही म्हणून घटसर्प नाही, असा निष्कर्ष काढू नका. वस्तीत एकाच वेळी चार-सहा मुलांचे घसे धरले आणि त्यांना डोस मिळालेले नसले, तर तेवढंही वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करायला पुरेसं आहे.

डांग्या खोकल्यात मूल खोकत खोकत लालबुंद होतं, शेवटी श्वास आत ओढताना हूप असा आवाज येतो, उलटी होते. मोठ्या मुलात तो आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. सहा महिन्यांच्या आतलं बाळ मात्र कधी कधी खोकतच नाही. नुसता श्वास थांबतो आणि बाळ निळं पडतं. जीव जातो तो बहुतेक याच वयात. म्हणून पेंटाव्हॅलंट (थोडक्यात पेंटा), म्हणजे घटसर्प आणि डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा, पहिला डोस सहाव्या आठवड्याला, दिवस न घालवता द्यायचा.

न्यूमोनिया अनेक कारणांनी होतो. त्यातला मोठा वाटा न्यूमोकोकस जिवाणूचा आहे. तो निरोगी मुलांच्याही नाकाघशात राहतो आणि कुपोषण, चुलीचा धूर, थंडी, गर्दी अशी संधी मिळाली की फुप्फुसात उतरतो. उसाच्या पाचटाच्या कोपीत, डिसेंबरच्या रात्री, चुलीशेजारी झोपलेल्या बाळाच्या वाट्याला यातलं सगळंच येतं. न्यूमोनिया ओळखायला स्टेथोस्कोप लागत नाही. मूल शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावा आणि पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन ते अकरा महिने ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनिया समजून उपचाराला न्या. छाती आत खेचली जात असेल, मूल पीत नसेल, प्रत्येक वेळी उलटत असेल, झटके आले असतील किंवा सुस्त पडलं असेल, तर गाडी मागवा आणि थेट रुग्णालयात.

पायरी २ : वस्ती शोधा आणि माणसं मोजा

हंगाम सुरू झाला की पहिल्या पंधरवड्यात नकाशा तयार व्हायला हवा. कुणाला विचारायचं? कारखान्याच्या शेतकी विभागात ऊस तोडणाऱ्या टोळ्यांची यादी असते. कोणत्या गावात कोणती टोळी उतरली हे चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, ठाऊक असतं. त्यानंतर मुकादम (टोळी आणणारा ठेकेदार), किराणा दुकानदार, पीठगिरणीवाला आणि ज्याच्या विहिरीवरून पाणी नेतात तो शेतकरी.

टोळी कोणत्या प्रकारची आहे, हे आधी विचारा, कारण पुढचं सगळं नियोजन त्यावर ठरतं. बैलगाडीवाले बहुधा कारखान्याजवळच्या तळावर हंगामभर एकाच जागी राहतात. तिथे महिन्याच्या अंतराने तीन डोस पूर्ण होऊ शकतात. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या उसाच्या मागे गाव बदलतात. त्यांचा पहिला डोस तुमच्याकडे झाला, तरी दुसरा शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत येईल. दोन्हींना एकच वेळापत्रक लावलं की ट्रॅक्टरवाल्यांची मुलं हमखास सुटतात.

कोपीकोपीत जाऊन वही भरा. मुलाचं नाव, आईचं नाव, वय, मूळ गाव आणि तालुका, मुकादमाचं नाव, चालू असलेला मोबाईल नंबर, मिळालेले डोस, इथे किती दिवस मुक्काम. वय सांगता आलं नाही तर सणांवरून काढा : पोळ्याला झालं की दिवाळीला, मागच्या हंगामाला पोटात होतं की कडेवर? बाया असं वय बरोबर सांगतात.

पाच वर्षांखालचीच मुलं मोजून थांबू नका. कॉक्स बझारच्या रुग्णांचं मधलं वय १० वर्षं होतं, म्हणजे निम्मे रुग्ण दहा किंवा त्याहून मोठे. ज्यांना लहानपणी डोस मिळाले नाहीत किंवा बूस्टर चुकला, ती मोठी मुलं घटसर्पाला मोकळी सापडली. आपल्याकडे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीचा (धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीचा) डोस असतो आणि तो बऱ्याच ठिकाणी शाळेतून दिला जातो. कोपीवर धाकट्या भावाला सांभाळत बसलेली बारा वर्षांची मुलगी शाळेच्या यादीत नसतेच. तिचं नाव वहीत आलंच पाहिजे.

गरोदर बायांचीही नोंद घ्या. ती यादी मात्र मुकादमाच्या हाती देऊ नका. उचल (आगाऊ पैसे) घेतलेल्या जोडीतली बाई पोटुशी आहे ही बातमी तिच्या परवानगीशिवाय बाहेर गेली, तर तिच्या कामावर आणि मजुरीवर परिणाम होऊ शकतो. ही माहिती तिची आहे.

पायरी ३ : कार्ड नाही? तरीही पुढे चला

सगळ्यात जास्त मुलं इथे सुटतात. आई म्हणते, “कार्ड गावाकडं सासूकडं राहिलं.” कार्यकर्ता म्हणतो, “मग कार्ड घेऊन या, तेव्हा बघू.” कार्ड चैत्रात मिळतं, तोवर हंगाम संपलेला असतो.

कार्ड नसेल तर या क्रमाने जा. आईच्या फोनमध्ये कार्डाचा फोटो आहे का ते पाहा. आजकाल अनेकदा असतो. यू-विन या सरकारी लसनोंदणी पोर्टलवर घरातल्या मोबाईल नंबरांवरून नोंद सापडते का ते पाहा. नंबर बदललेला असू शकतो, म्हणून नवऱ्याचा आणि आजीचा नंबरही टाकून बघा. मग मूळ गावच्या आशाताईंना फोन लावा. दोन आशाताईंमधला हा पाच मिनिटांचा फोन पुष्कळदा सगळ्या कागदांपेक्षा उपयोगी पडतो. एवढं करूनही काही कळलं नाही, तर आईला विचारा, पण नेमकं विचारा. “सगळ्या लसी झाल्या का?” या प्रश्नाला सगळ्याच आया हो म्हणतात. “मांडीत सुई किती वेळा टोचली? दोन्ही मांड्यांत एकाच दिवशी टोचली होती का? तोंडात थेंब दिले तेव्हा बाळ बसत होतं का?” असं विचारलं की चित्र स्पष्ट होतं. डाव्या दंडावर बीसीजीचा (क्षयाच्या लसीचा) व्रण दिसला, तर निदान जन्माच्या वेळी मूल व्यवस्थेच्या हाताला लागलं होतं एवढं कळतं. त्यावरून पेंटा झालं असं मात्र धरू नका.

आणि काहीच ठरत नसेल तर? डोस मिळालेला नाही असं धरा आणि द्या. एखादा डोस जास्त झाल्याने सहसा सुईच्या जागी सूज-दुखणं थोडं वाढतं. डोस न मिळाल्याने काय होतं ते वर लिहिलं आहे. कॉक्स बझारमध्ये मोहिमेत हाच निर्णय घेतला गेला, आधीची स्थिती न पाहता त्या वयाच्या सगळ्या मुलांना लस. १२ डिसेंबर २०१७ ला मोहीम सुरू झाली. सहा आठवडे ते सात वर्षांच्या मुलांना पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकल लस, सात ते पंधरा वर्षांच्या मुलांना टीडी, अशा पुढच्या मार्चपर्यंत तीन फेऱ्या झाल्या. त्या मदतीत घटसर्पाच्या लसीचे तीन लाख डोस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दिलेले होते.

आता आपल्या वेळापत्रकाचं गणित. ते एएनएम आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच लावायचं, पण कार्यकर्त्यालाही ठाऊक असलं तर मूल परत पाठवलं जात नाही.

नेहमीचं वेळापत्रक : पेंटाव्हॅलंट ६, १० आणि १४ आठवड्यांना. न्यूमोकोकल लस ६ आणि १४ आठवड्यांना, बूस्टर ९ महिन्यांना. डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लसीचा) पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांत, दुसरा पाच-सहा वर्षांचं असताना. टीडी १० आणि १६ व्या वर्षी. गरोदरपणात टीडी.

मधला डोस चुकला तर मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची नसते. दहा महिन्यांपूर्वी पेंटाचा एक डोस झाला असेल, तर आज दुसरा द्यायचा आणि चार आठवड्यांनी तिसरा. अंतर चार आठवड्यांपेक्षा कमी चालत नाही, जास्त झालं तर हरकत नाही. एवढी एक गोष्ट टोळीतल्या प्रत्येक आईला कळली तरी पुष्कळ काम होईल, कारण “तारीख चुकली, आता काय उपयोग” या समजुतीनेच बऱ्याच जणी पुढे येत नाहीत.

मूल वर्षाचं झालं आणि पेंटाचा एकही डोस नाही, तर डीपीटीचे तीन डोस महिन्या-महिन्याच्या अंतराने आणि पुढे बूस्टर. डीपीटी सात वर्षांपर्यंत चालते, त्यानंतर टीडी. न्यूमोकोकल लस मात्र वर्षाच्या आत सुरू व्हावी लागते. पहिला डोस वाढदिवसाआधी झाला असेल तर राहिलेले नंतर पूर्ण करता येतात. म्हणून वहीत अकरा महिन्यांचं बाळ दिसलं की त्याच्या नावाला लाल खूण करा. त्याच्यासाठी पुढच्या महिन्याचं सत्र फार उशिराचं आहे.

न्यूमोकोकल लसीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ती आपल्या हातात किती अवघडाने आली हे विसरलं जातं. कितीतरी वर्षं ही लस दोनच बड्या कंपन्यांकडे होती. २०१६ मध्ये ग्रीसमधल्या निर्वासित मुलांसाठी एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेला एका डोसमागे ६० युरो मोजावे लागले होते. मग छावण्यांसाठी कमी दराची व्यवस्था झाली आणि पुढे सीरमची स्वस्त लस आली. भारतात ही लस २०१७ मध्ये मोजक्या राज्यांपासून सुरू होऊन २०२१ मध्ये देशभर पोचली. आज ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये आहे. तिथून चार किलोमीटरवरच्या कोपीत ती पोचत नसेल, तर अडचण पैशाची किंवा विज्ञानाची उरलेली नाही.

पायरी ४ : सत्र त्यांच्या वेळेला

पहाटे तीन-चारला जोडपी ऊस तोडायला फडात जातात. सकाळी दहाला तुम्ही गेलात तर तळावर म्हातारी माणसं, लेकरं आणि कुत्री भेटतील. आईच्या संमतीशिवाय सुई टोचता येत नाही, आणि आईला बोलवावं तर तिचा खाडा पडतो. म्हणून सत्र दुपार उलटल्यावर, संध्याकाळी ठेवा. गाडीवानांच्या तळावर बाया तोवर परतून स्वयंपाकाला लागलेल्या असतात. ट्रॅक्टरच्या टोळीचा नेम नसतो. गाडी आली की रात्रीसुद्धा भरणी असते. तिथे मुकादमाला आदल्या दिवशी फोन करूनच वेळ ठरवा. बाजाराचा दिवस आणि पगाराचा दिवस हे दोन्ही धरता आले तर उत्तम. काही ठिकाणी फडाच्या बांधावरच सत्र घ्यावं लागतं. तिथे सावली, पाणी आणि रुग्णवाहिकेचा रस्ता आधी पाहून ठेवा.

मुकादमाशी बोलताना उपदेश नको. (टोळीच्या भाषेत एक कोयता म्हणजे एक जोडपं.) “मुकादम, दोन पोरं आजारी पडली की दोन कोयते बसले. तासाभरात सगळं उरकतो, तुम्ही फक्त आवाज द्या,” एवढं पुरतं. कॉक्स बझारमध्येही प्रत्येक वस्तीचे ‘माझी’ म्हणून ओळखले जाणारे म्होरके आणि मशिदींचे इमाम यांच्यामार्फतच निरोप फिरले. बाहेरून आलेल्या माणसाचा कर्णा लोक ऐकतात. पण आपल्या माणसाने सांगितलं की येतात.

सत्राच्या आदल्या संध्याकाळी एकदा तळावर फेरी मारून या. त्या फेरीला बॅग, वही, गणवेश काही नको. चुलीपाशी बसा, लेकरांची नावं घ्या. दुसऱ्या दिवशी गर्दी होते की नाही, ते बहुतेक त्या संध्याकाळीच ठरतं.

पायरी ५ : लस गार ठेवा, पण गोठवू नका

उन्हाने लस खराब होते हे सगळ्यांना माहीत असतं. गोठल्याने होते, हे विसरलं जातं. पेंटा, डीपीटी, टीडी आणि न्यूमोकोकल या चारही लसी एकदा गोठल्या की निकामी होतात, आणि वितळल्यावर वरवर पाहून ते कळतही नाही. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. फ्रिझरमधून काढलेले आइसपॅक थेट कॅरियरमध्ये भरू नका. बाहेर ठेवा, घाम सुटू द्या, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच भरा. कुपी पिशवीत घालून मधोमध ठेवा, बर्फाला चिकटलेली नको.

प्रत्येक कुपीवरचं चिन्ह पाहा : आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस वापरण्याजोगी, रंग सारखा किंवा गडद झाला तर टाकून द्यायची. या चारही लसींची उघडलेली कुपी नियम पाळले असतील तर २८ दिवसांपर्यंत वापरता येते. उघडल्याची तारीख आणि वेळ कुपीवर लिहिलेली हवी, मुदत संपलेली नको, चिन्ह ठीक हवं, कुपी पाण्यात बुडालेली नको. बीसीजी आणि गोवर-रुबेलाला ही सवलत नाही. त्यांची कुपी उघडल्यापासून चार तासांत संपवायची. याचा अर्थ असा की तळावर दोनच बाळं असली तरी पेंटाची कुपी उघडायला कचरायचं कारण नाही. “दहा मुलं जमली की फोडू” हे वाक्य स्थलांतरित वस्तीत चालत नाही, कारण दहावं मूल येईपर्यंत पहिलं निघून गेलेलं असतं.

पायरी ६ : टोचण्याआधी आणि नंतर

आया काय बोलतात ते आधी ऐका. “सुई दिली की पोर रातभर रडतं, आम्हाला चारला उठायचं.” ही अडाणीपणाची तक्रार नाही. ती हिशोबाची आहे. बारा तास ऊस तोडून आलेल्या बाईची झोप गेली तर दुसऱ्या दिवशी कोयता हातावर बसू शकतो. म्हणून खरं सांगा : ताप येऊ शकतो, मांडी सुजू शकते, एक-दोन दिवसांत उतरतं. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे मोजून हातात द्या, कधी आणि किती ते तिच्याकडून परत म्हणवून घ्या. शक्य असेल तर ज्या दिवसानंतर सुट्टी आहे तो दिवस सत्राला निवडा. सुजेवर शेक, हळद, बिब्बा काही लावू नका म्हणावं.

सर्दी, किरकोळ खोकला, जुलाब किंवा कमी वजन ही लस टाळायची कारणं नाहीत. कुपोषित मुलाला तर लस आधी हवी. मागच्या डोसनंतर जिवावर बेतणारी प्रतिक्रिया आली असेल किंवा मूल आत्ता फार आजारी असेल, तरच थांबून डॉक्टरांना विचारा.

एकाच वेळी दोन-तीन सुया दिल्या तर आई धास्तावते. एका मांडीत पेंटा, दुसऱ्या मांडीत न्यूमोकोकल, हे सुरक्षित आहे, आणि जी टोळी पुढच्या आठवड्यात हलणार आहे तिच्या मुलाला ते एकाच दिवशी मिळणं अत्यावश्यक आहे. टोचल्यावर अर्धा तास सगळ्यांना तिथेच बसवा. ॲड्रेनॅलिनसह प्रतिक्रियेची पेटी हाताशी असल्याशिवाय सत्र सुरू करू नका.

प्रत्येक आईला चार गोष्टी सांगा : आज कोणती लस दिली, पुढची कधी, काय त्रास होऊ शकतो, आणि कार्ड जपून ठेवायचं. चौथी सांगताना कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच द्या. कोपीत पाऊस, दव आणि उंदीर सगळंच असतं.

पायरी ७ : पुढचा डोस दुसऱ्याच्या हद्दीत

पहिला डोस देणं त्या मानाने सोपं आहे. खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्याची. कार्डाचा फोटो आईच्या, नवऱ्याच्या आणि मुकादमाच्या फोनमध्ये पाठवा (मुलांचं कार्ड मुकादमाकडे असायला हरकत नाही, गरोदरपणाचं नको). यू-विनवर नोंद करा. टोळी हलणार हे कळलं की नव्या गावच्या आशाताईंना किंवा एएनएमना नावं आणि राहिलेले डोस कळवा. “तुमच्याकडे बाराजणांची टोळी येते आहे, त्यात तीन लहान मुलं, एकाचा पेंटाचा तिसरा राहिला आहे,” एवढा निरोप पुरे.

मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की सगळे घरी परततात. त्याआधीच्या पंधरवड्यात वही काढा, मूळ तालुक्यांप्रमाणे नावं वेगळी करा आणि त्या त्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे यादी पाठवा. गावी असलेल्यांनीही उलट दिशेने हेच करावं. दसऱ्याच्या आधी जी कुटुंबं निघणार आहेत, त्यांचे देय डोस निघण्यापूर्वी द्या. बीडच्या वाडीवरच्या आशाताईला आपली कोणती घरं कोणत्या कारखान्याला जातात हे तोंडपाठ असतं. ते कागदावर यायला हवं.

पायरी ८ : घटसर्पाचा संशय आला तर

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबायचं नाही. कॉक्स बझारच्या ७,०६४ रुग्णांपैकी प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केले ते फक्त २८५. तिथल्या डॉक्टरांनी लक्षणांवर निर्णय घेतले. विष निष्प्रभ करणारं प्रतिविष ज्यांना लागणार होतं अशा १,१९३ पैकी १,०६२ जणांना ते मिळालं. मृत्यूचं प्रमाण ०.६ टक्क्यांवर राहिलं. एरवी घटसर्पात शंभरातले पाच ते दहा रुग्ण दगावतात. प्रतिविष घोड्याच्या रक्तद्रवापासून बनतं आणि जगभर त्याचा साठा तुटपुंजा असतो. ते घेणाऱ्या पाचांपैकी एकाला काही ना काही प्रतिक्रिया आली होती, म्हणून ते रुग्णालयातच, देखरेखीखाली द्यायचं असतं. जे विष पेशींत शिरलं त्यावर ते चालत नाही, त्यामुळे इथे तासांना किंमत आहे.

तुमचं काम असं. रुग्णाला मास्क लावा, वेगळं बसवा, घशात चमचा घालून पुन्हा पुन्हा पाहू नका. वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करून “घटसर्पाचा संशय” हे दोन शब्द स्पष्ट म्हणा, म्हणजे ते प्रतिविष कुठे आहे याची चौकशी लगेच सुरू करतील. रुग्णासोबत एकच नातेवाईक पाठवा. घशाचा नमुना शक्यतो अँटिबायोटिकच्या आधी घेतला जावा, पण नमुन्यासाठी उपचार अडू नये.

त्याच दिवशी संपर्कातली माणसं शोधा : त्या कोपीत झोपणारे, शेजारच्या कोपीतली खेळगडी मुलं, एकाच ट्रॉलीतून जाणारे. डॉक्टर त्यांना प्रतिबंधक अँटिबायोटिक लिहून देतील, आणि लस अपुरी असलेल्यांना लस मिळेल. दहा दिवस रोज घसा आणि ताप विचारा.

गोळ्या वाटून परत येऊ नका. छावणीत ४१,४५२ संपर्क सापडले आणि त्यांतल्या ९७.४ टक्क्यांनी औषध घ्यायला होकार दिला. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर ते नियमित घेणारे ५५ टक्केच उरले होते. त्रास नसलेला माणूस गोळी विसरतोच. म्हणून रोजची गोळी समोर गिळवता येईल अशी व्यवस्था करा. पहाटे टोळी निघण्याआधी मुकादमाची बायको किंवा टोळीतलीच एखादी शिकलेली पोरगी यादीवर खुणा करत गेली तर हे जमतं. एकाच इंजेक्शनने भागणारा पर्याय आहे का, हेही डॉक्टरांना विचारा. ज्या टोळीचा उद्याचा मुक्काम ठाऊक नाही तिच्यासाठी तो जास्त बरा.

घटसर्पातून बऱ्या झालेल्या मुलालाही लस द्यावी लागते, कारण आजार होऊन गेल्याने पुरेशी प्रतिकारशक्ती येईलच असं नाही. रुग्णालयातून घरी सोडताना ती दिली का ते कार्डावर पाहा. दिली नसेल तर पहिला डोस तळावरच्या पुढच्या सत्रात द्या, आणि त्याचं नाव त्या यादीत आजच लिहा.